शेजारचा रॅक

"आधी दुसरं टोक दाखव."

एखादी केबल हातात घेतली की आन्टी हे म्हणायच्याच. केबल बदलायची असो, काढायची असो, की नुसती धूळ पुसायला बाजूला सारायची असो. दोन बोटांच्या चिमटीत ती धरायच्या, ओढायच्या नाहीत, आणि समोरच्या माणसाकडे बघत उभ्या राहायच्या. तो दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन हात वर करीपर्यंत ती चिमूट तशीच राहायची. तोवर कोणाचा फोन वाजला, मॅनेजर सर दारात आले, तरी मान वळायची नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गॅसचा खटका दोनदा बघितल्याशिवाय घर न सोडणारी, कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारी. आपण त्यांना हसतो. मीही हसले होते, मनातल्या मनात. तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आन्टींच्या डेटा सेंटरमध्ये अप्रेंटिस म्हणून नुकतीच लागले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे कुठेही हसण्याआधी मला वाटायचं, आपल्यालाच काही समजलं नसेल तर?

आमचं डेटा सेंटर भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. खालच्या गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी पॉलिश व्हायची. जिना चढताना तो कर्कश आवाज दाढेत जाऊन बसायचा. आमचं जाड दार उघडून आत गेलं की तो एकदम तुटायचा आणि त्याच्या जागी पंख्यांचा एकसारखा घुमणारा आवाज यायचा, आणि थंडी. उंच लोखंडी कपाटांच्या रांगा, ज्यांना सगळे रॅक म्हणतात, आणि त्यांत वेगवेगळ्या कंपन्यांचे सर्व्हर. मी ऐन मे महिन्यात स्वेटर घेऊन निघायचे. आमच्या राई गावात शेजारच्या काकूंनी आईला विचारलं होतं, "पोरगी बर्फाच्या कारखान्यात लागली का?" आई हो म्हणाली होती. समजावून सांगण्यापेक्षा तेच सोपं होतं.

आन्टी तिथल्या नेटवर्कच्या प्रमुख. सगळे त्यांना आन्टीच म्हणायचे, मॅनेजर सरसुद्धा. वय पन्नाशीच्या पुढचं, बुटक्या, गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक आणि त्यावर कंपनीचं निळं जाकीट. गळ्यातला क्रूस आणि ओळखपत्राची दोरी एकमेकांत अडकायची आणि दिवसातून कितीतरी वेळा त्या ती सोडवत बसायच्या. राहायला उत्तनला, समुद्राकाठच्या कोळ्यांच्या गावात. एकदा हेड ऑफिसमधून आलेले एक साहेब कौतुकाने म्हणाले, "उत्तनच्या ना तुम्ही? मग काय, जाळी विणणं तुमच्या रक्तातच!"

"माझा बाप पोस्टात होता, सर," आन्टी म्हणाल्या. "मासे आम्ही पन विकतच घेतो."

आमचा घरी जायचा रस्ता एकच होता. भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारी बस राईवरूनच जाते. मी आधी उतरायचे, त्या पुढे जायच्या. ऑफिसात त्या कामापुरतं बोलायच्या. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली की त्यांची भाषा बदलायची, 'हाय' आणि 'न्हाय' सुरू व्हायचं, आणि मला वाटायचं, आता खऱ्या आन्टी आल्या.

*

मी गेले तेव्हा तिथे जुनी पद्धत होती. प्रत्येक सर्व्हरमधून निघालेली केबल वर चढायची, छताखालच्या लोखंडी शिडीवरून खोलीभर फिरायची आणि कोपऱ्यातल्या एका मोठ्या यंत्रात उतरायची. त्या यंत्राला स्विच म्हणतात. भिंतीवरचा बटणाचा नव्हे. कोणाचा निरोप कोणाकडे पाठवायचा हे ठरवणारी ती पेटी असते. सगळ्या केबली तिथेच जायच्या म्हणून त्या कोपऱ्याला सगळे 'मोठं घर' म्हणायचे. वर्षानुवर्षं केबलींवर केबली पडून शिडी मधोमध वाकली होती.

एक केबल शोधायची तर दोन माणसं लागायची. आन्टी मोठ्या घरापाशी आणि यादवजी रॅकपाशी. यादवजी आमचे जुने टेक्निशियन. मग पंख्यांच्या वरताण आरडाओरडा.

"यादवजी, हिलाओ!"

"हिलाया!"

"ये नहीं, दूसरा!"

"अरे आन्टी, वही तो हिला रहा हूँ!"

"तो फिर कोई और भी हिला रहा है क्या?"

अशा वेळी ती थंड खोली भाईंदरच्या बाजारासारखी वाटायची. बाबा त्या बाजारात भाजी घेऊन बसतात, त्यामुळे मला तो आवाज घरचा होता.

मग कंपनीने ठरवलं की हे सगळं आवरायचं. प्रत्येक रॅकच्या डोक्यावर एक छोटा स्विच बसवायचा. जुना डीव्हीडी प्लेअर असतो तशी चपटी पेटी. रॅकमधले सर्व्हर हातभर केबलने त्याच रॅकच्या स्विचला जोडायचे, आणि त्या स्विचकडून तेवढी एक जोडी मोठ्या घराकडे न्यायची. शेकडो लांब केबलींच्या जागी मोजक्या.

तुम्हाला वाटेल, आन्टी जुन्याला चिकटून बसल्या असतील. उलट. नवीन ओटा बसवायचा असावा तशा त्या खूश होत्या. सगळा आराखडा त्यांनीच काढला. "केबलींच्या गर्दीनं हवा अडते गो," त्या मला म्हणाल्या. "बिचारे मशीन तापून जातात. आता श्वास घेतील."

एकच गोष्ट त्यांच्या मनासारखी झाली नाही. त्यांनी प्रत्येक रॅकला दोन स्विच मागितले होते, एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून. मंजूर झाला एकेकच. त्यावर त्यांनीच युक्ती काढली. प्रत्येक सर्व्हरला दोन केबली लावायच्या. एक आपल्या रॅकच्या स्विचला आणि दुसरी शेजारच्या रॅकच्या स्विचला. आपला बंद पडला तर शेजाऱ्याकडून काम चालेल, शेजाऱ्याचा बंद पडला तर त्याचं आपल्याकडून.

"आमच्याकडं घराची दुसरी किल्ली शेजारी ठेवतात ना, तसं," त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं. मॅनेजर सरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला ते खरंच फार सुंदर वाटलं होतं.

*

ते काम आम्ही रविवारी दिवसा करायचो, एकेक जोडी रॅक घेऊन. जुन्या केबली उतरवून जमिनीवर रचायचो आणि भंगारवाला त्या गोणीत भरून न्यायचा. शिडी हळूहळू रिकामी झाली. खोली मोठी दिसू लागली. शेवटच्या रविवारी केक आला आणि मॅनेजर सरांनी प्रत्येक रांगेचे फोटो काढून हेड ऑफिसला पाठवले.

त्यानंतरच्या आठवड्यात यादवजींची बदली दुसऱ्या सेंटरला झाली. जाताना ते आन्टींना म्हणाले, "अब हिलाने को कुछ बचा ही नहीं, आन्टी." दोघं हसले. मग यादवजींनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि आन्टी "अरे, अरे" करत मागे सरकल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो तर पंख्यांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. एक केबल बदलायची होती. तिची दोन्ही टोकं आन्टींच्या समोरच होती, हातभर अंतरावर. त्यांनी ती बदलली आणि काही वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

"काय झालं, आन्टी?"

"काय न्हाय. फार सोपं झालंय."

त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं तो मला आवडला नव्हता.

*

रांगेच्या शेवटी, खांबाला लागून एक रॅक होता. तो भाईंदर पश्चिमेच्या एका हॉस्पिटलचा. खालपासून वरपर्यंत गच्च भरलेला, बोट घालायला जागा नाही. सकाळी आत आलं की आन्टी आधी तिथे जायच्या. डोळे मिटून कान लावायच्या. "पंख्याचा सूर ओळखायला शिक," मला सांगायच्या. "मशीन दुखायला लागलं की आधी पंखा सांगतो. लाईट फार उशिरा सांगतात."

हाच रॅक का, ते त्यांनी मला बसमध्ये सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ त्यांच्याजवळच राहायचा. दोघंच घरात. त्याच्या किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा त्याला त्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागायचं. मी लागायच्या आधी, जुन्या व्यवस्थेत, एका दुपारी मोठं घर अडकलं होतं आणि हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर थांबले होते. भावाचं मागच्या वेळचं वजन, औषधं, रक्ताचे रिपोर्ट, सगळं त्यात. ते दिसल्याशिवाय नर्स सुई लावायला तयार नव्हती.

"तिचं पन बरोबर होतं," आन्टी म्हणाल्या. "चुकीचं औषध गेलं तर? भाव बाकावर बसलेला. पाय सुजून असे झालेले. मला फोन करतो, आजून नंबर लागला न्हाय गो. त्याला काय माहीत, नंबर माझ्याच हातात अडकलाय ते. मी इथं मोठ्या घरात डोकं घालून बसलेली, आनि त्याला सांगते, लागंल, लागंल."

"मग?"

"मग लागला. संध्याकाळ झाली." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "त्या दिवशी त्याचा श्वास घरी पोचल्यावर पन असा वाजत होता. तो वाचला, पोरी. पुढच्या वेळी वाचंलच, असं कोन सांगतं?"

बस खाडीच्या बाजूने वळली.

*

हॉस्पिटलच्या रॅकच्या एका बाजूला खांब, म्हणजे शेजारी एकच. तो रॅक एका प्रवास कंपनीचा. त्यांचा मेहुल नावाचा तरुण अधूनमधून सर्व्हर बघायला यायचा. नवीन व्यवस्था झाल्यापासून माझ्या लक्षात आलं की आन्टी मेहुलची फार सरबराई करतात.

"ये ये, मेहुल. सर्व्हरला थंडी बरोबर लागते ना?"

"आन्टी, मला घरी असा एसी मिळाला ना, तर मी लग्न पण करणार नाय."

"आनि कंपनी? बुकिंग होतायत ना नीट?"

"हो आन्टी, मस्त."

"लोक फिरायला जातात ना?"

"जातात आन्टी. तुम्हाला जायचंय का कुठे?"

"मला कुठे जायचंय? तुम्ही कुठे जाऊ नका."

नाताळात त्यांनी घरी केलेल्या करंज्या आणि नारळाच्या वड्या आणल्या. आम्हाला एकेक आणि मेहुलला अख्खा डबा. एकदा त्याच्या आईला बरं नव्हतं तर त्यांनी उत्तनच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली. मेहुल मला बाजूला घेऊन म्हणाला, "आन्टीला मुलगी आहे काय लग्नाची?" मी म्हटलं, आन्टींचं लग्नच झालेलं नाही. तो आणखीच गोंधळला.

मी बसमध्ये विचारलंच. "आन्टी, मेहुलचे एवढे लाड कशाला?"

त्यांनी ओळखपत्राची दोरी क्रूसातून सोडवली. मग म्हणाल्या, "शेजारीन घर सोडून गेली तर किल्ली कुठं ठेवशील?"

मला कळायला थोडा वेळ लागला. बाकीच्या रॅकना दोन्हीकडे शेजारी होते, एक गेला तर दुसऱ्याकडे जोडता आलं असतं. हॉस्पिटलला तोच एक. प्रवास कंपनी निघून गेली, तिचा रॅक बंद झाला, की हॉस्पिटल एका स्विचवर येणार. आणि गंमत अशी की कोणाला काही कळणारही नाही. सगळं पहिल्यासारखंच चालत राहील. तो एक स्विच बंद पडेपर्यंत.

"माझ्याच हातानं झालंय हे," आन्टी म्हणाल्या. "शेजारी कायमचे असतात, हे मी कुठून धरून चालली? उत्तनमध्ये असतात. इथं भाड्याचे हायत सगळे."

त्यांनी मॅनेजर सरांकडे हॉस्पिटलसाठी वेगळी सोय मागितली. सर वाईट नव्हते. मला दर सणाला सुट्टी द्यायचे, आईची चौकशी करायचे. पण ते म्हणाले, "आन्टी, आत्ता चालतंय ना? त्या रॅकमध्ये जागा नाही, नवीन रॅक लावायचा तर खांब आहे. पुढच्या वर्षी सगळी रांगच हलवू."

त्याच सुमाराला हॉस्पिटलच्या स्विचच्या पंख्याचा सूर बदलला. अगदी बारीक. मला आधी ऐकूच आला नाही. आन्टींनी माझं डोकं धरून कान रॅकजवळ नेला. गुळगुळीत आवाजाच्या आत मधूनच एक खर्र. दाताखाली वाळूचा कण यावा तसा.

सरांनीही कान लावला. "मला तर काही येत नाही ऐकू," ते म्हणाले. खरंच आलं नसेल.

*

मेहुलने सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. त्याच्या कंपनीने सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं होतं. "आन्टी, माझ्या हातात काय नाय. वरून आलंय."

"तुझी नोकरी हाय ना?"

"आहे."

"मग बस झालं," त्या म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर थोपटत राहिल्या.

एका दुपारी माणसं येऊन सर्व्हर काढून घेऊन गेली. शेजारचा रॅक रिकामा झाला. आत नुसता काळोख आणि वर एक चपटी पेटी, हिरवे दिवे लुकलुकत असलेली. रिकाम्या घरात कोणी दिवा लावून गेल्यासारखी. त्या लुकलुकण्यातून हॉस्पिटलचं अर्धं येणं-जाणं चालू होतं. आन्टींनी त्या दारावर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: 'हा रॅक रिकामा नाही. बंद करू नये.' सफाईवाले काका तो वाचून हसले. दार उघडून आत बघितलं, आणि परत वाचलं.

काही आठवडे असेच गेले. मग नवीन ग्राहक ठरला. तो स्वतःचा रॅक आणि स्वतःचे स्विच घेऊन येणार होता. म्हणजे जुना रॅक मुळासकट काढायचा. शुक्रवार ठरला.

आन्टी सरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. मी बाहेर टेबलाशी बसले होते.

"सर, हॉस्पिटलला सांगा तरी. त्यांना ठरवू द्या."

"काय सांगू? सगळं चालू राहणार आहे, पण तुम्ही घाबरा, असं?"

"एका स्विचवर राहणार आहे. त्याचा पंखा दुखतोय."

"आन्टी, नवीन रॅक लागला की महिन्या-दोन महिन्यांत मी काहीतरी करतो. शब्द देतो. पण उद्या त्यांना सांगितलं तर ते परवा दुसरीकडे जातील. मग तुम्ही, मी, ही पोरगी, काय करायचं?"

"माझा भाव तिथे बसतो, सर."

"म्हणूनच तुम्हाला असं वाटतंय," सर खूप हळू म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं."

आन्टी बाहेर आल्या तेव्हा ती दोरी क्रूसात अडकली होती. त्यांनी ती सोडवली नाही.

*

बुधवारी त्यांनी अर्धा दिवस रजा घेतली. भावाच्या डायलिसिसचा दिवस होता. त्यांनी मला विचारलं, "येतेस? त्याच्याजवळ बसायला कोनतरी पायजे." मी गेले.

त्यांचा भाऊ बारीक, हसरा माणूस. पायांवर घोंगडी घेऊन बाकावर बसलेला. "ही कोन? तुझी शिष्या?" त्याने विचारलं. मग माझ्याकडे झुकून म्हणाला, "पळ. ही तुला पन कान लावायला शिकवंल. घरचा फ्रिज ऐकून सांगते, दोन दिवसांत जानार. आनि जातो गो खरंच."

आन्टी हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या. काचेचं दार होतं. मला आवाज येत नव्हता, पण दिसत होतं. आन्टी टेबलावर दोन हात शेजारी शेजारी ठेवून दाखवत होत्या. मग एक हात उचलून घेतला. व्यवस्थापक नम्रपणे मान हलवत होते. त्यांनी आपला कॉम्प्युटर आन्टींकडे वळवला, काहीतरी उघडून दाखवलं. सगळं व्यवस्थित उघडलं. मग त्यांनी आन्टींच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट दाखवून काही विचारलं आणि आन्टींनी नकारार्थी मान हलवली.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "ते बोलले, आमचं तर सगळं चालू हाय. मग विचारलं, तुम्हाला कंपनीनं पाठवलंय का?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"खरं ते."

गुरुवारी सकाळी मी जिन्यावर पोचले तेव्हा त्या आमच्या दारासमोर उभ्या होत्या. कार्ड लावत होत्या आणि दाराजवळचा दिवा लाल होत होता. पुसून पुन्हा लावलं. लाल. खालून भांड्यांचा आवाज येत होता, त्यामुळे दाराची ती बीप ऐकूही येत नव्हती. नुसता दिवा.

मॅनेजर सर बाहेर आले. ते रात्रभर झोपले नसावेत. "आन्टी, मी खूप सांगून बघितलं. वरच्यांनी ठरवलंय. ग्राहकाकडे परस्पर जायचं नसतं, तुम्हाला माहीत होतं."

"होतं," आन्टी म्हणाल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. जाकीट काढलं, घडी घातली, सरांच्या हातात दिलं. "सर, एवढं करा. त्या पंख्याकडे लक्ष ठेवा. दिव्यांवर जाऊ नका."

जाकिटाशिवाय त्या फार लहान दिसल्या. उतरताना एकेक पायरी कठडा धरून उतरल्या.

*

शुक्रवारी दुपारी दोन वायरमन आले. आन्टींच्या जागी आता दुसऱ्या शहरात बसून फोनवरून काम बघणारे एक साहेब होते. मी त्यांना सांगितलं, "सर, हॉस्पिटलची दुसरी बाजू या स्विचमधून आहे."

"दिसतंय मला इथे," ते म्हणाले. "एक बाजू चालू आहे ना? मग काढा."

"सर, त्या एका बाजूच्या पंख्याचा आवाज येतोय."

"इथे तापमान बरोबर दाखवतंय."

मी म्हटलं, "मी नाही काढणार, सर." ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही कशाला काढताय? ते वायरमन आहेत ना."

त्यांनी काढला. हॉस्पिटलच्या सर्व्हरांवरचे अर्धे दिवे विझले आणि अर्धे तसेच हिरवे राहिले. कोणाचा फोन आला नाही. घंटी वाजली नाही. दारासकट तो कागद मालाच्या लिफ्टमधून खाली गेला. शेजारी जमिनीवर एक स्वच्छ चौकोन उरला, कधी धूळ न बसलेला. मी रॅकला कान लावला. खर्र आता थोडी लवकर लवकर येत होती, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे. मॅनेजर सरांना मी मेल लिहिली. त्यांनी उत्तर दिलं, 'नोंद घेतली.'

मी तडक हॉस्पिटलात गेले. शुक्रवार भावाचा दिवस होता. आन्टी बाकावर त्याच्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला.

"काढला," मी म्हटलं.

"दुपारीच ना? मला वाटलंच." त्यांनी भावाच्या पायांवरची घोंगडी सारखी केली. "पंखा?"

"येतोय आवाज. मी सांगितलं. लिहूनही पाठवलं."

"चांगलं केलंस." मग म्हणाल्या, "तू तिथंच राहा, पोरी. परीक्षा होईपर्यंत तरी. भांडू नको. कान मात्र ठेव."

मी राहिले. महिनाभराने माझी मुदत संपली. तोवर काही झालं नाही, आणि काही केलंही गेलं नाही. अजूनही काही झालेलं नाही असं ऐकते. मला रोज ते ऐकावंसं वाटतं आणि ऐकलं की बरं वाटत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या शुक्रवारचं. भावाचं नाव पुकारलं गेलं. आन्टींनी त्याला उठवलं, आतल्या दारापर्यंत नेलं, पिशवी दिली. दार बंद झालं. नातेवाईक त्या दाराजवळच्या खुर्च्यांवर बसतात. आन्टी तिथे बसल्या नाहीत. त्या परत फिरल्या आणि नोंदणीच्या खिडकीसमोर, जिथून आतल्या मुलीचा कॉम्प्युटर दिसतो, तिथे येऊन बसल्या.

"आन्टी, इथे नंबरवाले बसतात," ती मुलगी म्हणाली. "भाऊंना चार तास लागतील. घरी जाऊन या ना."

"बसू दे गो. तिथून दिसत न्हाय."

मुलीला ते कळलं नाही. ती एकेकाचं नाव टाईप करत होती. प्रत्येक नावानंतर पडदा क्षणभर पांढरा व्हायचा आणि मग माणसाची माहिती उघडायची. त्या प्रत्येक क्षणाला आन्टींचा हात बाकाच्या कडेवर घट्ट व्हायचा.

मी निघाले. बाहेरच्या काचेतून वळून बघितलं. टाईप करता करता ती मुलगी थांबली. आन्टी उठून उभ्या राहिल्या. मुलीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुढचं नाव विचारलं. आन्टी खाली बसल्या नाहीत.